मी इंजिनाचं पाणी बंद केलं

आमच्या गिरणीतलं डिझेल कोण खातं याचा शोध मला नववीत, विज्ञानाच्या तासाला लागला. चोर फळ्यावर खडूनं काढलेला होता, नावासकट. एवढा मोठा शोध लागल्यावर शहाण्या पोरानं तो वहीत उतरवून घ्यावा आणि घंटा झाली की घरी जाऊन भाकरी खावी. मी चोराला पकडायला निघालो. त्यापायी एक चांगलं इंजिन बसलं, अख्ख्या गावाचा येळवसीचा सण नासला आणि माझ्या वडिलांच्या हातातली किल्ली गेली. गावातली म्हातारी माणसं अजूनही मला बघून आधी ते सांगतात, मग प्रकृती विचारतात.

लोहाऱ्याहून माकणीकडं जाताना आमचं गाव लागतं. गावात गिरणी एकच, आमची. आजोबांनी घातलेली. पत्र्याचं शेड, आत जमिनीत पक्कं केलेलं डिझेल इंजिन, त्याला माणसाच्या छातीएवढं लोखंडी चाक, चाकावरून पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला दगडी जातं. धुराड्याच्या तोंडावर एक डबडं उलटं लटकवलेलं असायचं. इंजिन सुरू झालं की ते टुक टुक टुक वाजायचं आणि शिवारात खुरपणाऱ्या बायकांना कळायचं, गिरणी चालू आहे, डबा पाठवा. शेडमधे सगळ्यावर पिठाचा थर. कोळ्यांची जाळी पांढरी, उंदीर पांढरे, आम्हीही पांढरे. ताजं पीठ कापडी नळीतून डब्यात पडायचं ते चांगलं कोमट असायचं, आणि थंडीत बाया डबा पोटाशी धरून घरी जायच्या. आधीच्या गिऱ्हाइकानं मिरची कांडून नेली असेल तर मागच्या चार घरच्या भाकरी तिखट व्हायच्या आणि चार घरच्या शिव्या आम्हाला मिळायच्या. शिव्यांची सवय होती. त्या घरात मी वाढलो तेच शिव्यांवर.

गिरणी दोघा भावांची. तात्या थोरले, माझे वडील अण्णा धाकटे. आजोबा गेल्यावर अंगणात मधोमध कुडाची भिंत आली, दोन चुली झाल्या. पण इंजिन काही कापून वाटता येत नव्हतं. म्हणून पाळी ठरली. एक आठवडा गिरणी तात्यांकडं आणि शेत अण्णांकडं, पुढच्या आठवड्यात उलट. शेत लांब, दीड कोसावर, त्यामुळं दोघांची तोंडं एकमेकांना फक्त शनिवारी संध्याकाळी दिसायची, किल्ली देता घेताना. ती संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. बोलणं जवळपास नसायचंच. तात्या कोपऱ्यातल्या डिझेलच्या पिंपात तुऱ्हाटीची काडी बुडवायचे. प्रत्येकाच्या आठवड्याला सारखंच डिझेल मिळायचं आणि शेवटी किती उरलं ते त्या काडीवर दिसायचं. तात्यांच्या आठवड्यानंतर काडी चार बोटं ओली निघायची. अण्णांच्या आठवड्यानंतर कोरडी ठाक. श्रावणापर्यंत असं नव्हतं. श्रावणानंतर दर वेळी असंच. तात्या काडी नाकाजवळ न्यायचे, हुंगायचे आणि कुडाकडं बघून म्हणायचे, "डिझेलला पाय फुटलेत. हायवेला ट्रक लई उभे राहतात म्हणं." अण्णा किल्ली पुढं करायचे. भांडण कितीही पेटलं तरी ते थोरल्या भावाला तुम्हीच म्हणायचे, आणि त्या तुम्हीनं भांडण मिटायच्या ऐवजी आणखी धारदार व्हायचं. दिवाळी झाल्यावर एका शनिवारी तात्यांनी सरळ सांगितलं, "येळवसपर्यंत बघतो. तुझी काडी एकदा तरी चार बोटं ओली निघाली पाहिजे. न्हायतर किल्ली माझ्याकडं राहील, तू शेत बघ."

अण्णा गिरणीवाले होते. शेतात ते मन लावून काम करत, पण पाहुण्याच्या घरी गेल्यासारखे. जात्याचा दगड ते नुसता हाताच्या पंजानं चाचपून सांगायचे, किती दिवसांनी टाकी द्यावी, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडाव्या लागतील. किल्ली गेली म्हणजे त्यांचं काय जाणार होतं ते मला चौदाव्या वर्षीही कळत होतं. मला कळत नव्हतं ते एवढंच की डिझेल जातं कुठं. मी पाळत ठेवली. दोन रविवार शेडच्या मागं बाभळीत बसून राहिलो, हायवेवरचा कुणी ड्रायव्हर कॅन घेऊन येतो का बघत. काटे सोडून हाती काही लागलं नाही. आमच्या आठवड्यात इंजिन सकाळी जे लागायचं ते दिवस मावळेपर्यंत बंद होत नसे, आणि मला त्याचा गर्व वाटायचा. वाटायचं, बघा, आमच्याकडं गिऱ्हाईक तुटत नाही. माझी हुशारी तिथपर्यंतच होती.

आता चोराकडं येतो. इंजिनाशेजारी ओट्यावर पाण्याची टाकी होती. तिच्यातून तोटीवाटे पाणी इंजिनात जायचं, आत फिरून तापायचं आणि दुसऱ्या नळीनं खालच्या हौदात पडायचं. वाफाळतं पाणी. आमचं सगळं घर त्या पाण्यानं आंघोळ करायचं; आईला थंडीत चूल पेटवून पाणी तापवावं लागलं नाही. कुडाच्या पलीकडून मोठीआई, म्हणजे तात्यांची बायको, तीसुद्धा बादली लावायची, आमच्या आठवड्यातही. फक्त आई तिथं नसेल तेव्हा. त्या पाण्याला डिझेलचा वास असायचा, अंगाला लागायचा, आणि वर्गात माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. हौदातलं पाणी निवलं की बादलीनं पुन्हा वर टाकीत चढवायचं काम माझं. दिवसाला साठ सत्तर बादल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं मी जे केलं ते वडिलांच्या प्रेमापोटी केलं असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे, आणि त्यातून त्या बादल्या वगळत आलो आहे.

बिराजदार सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. त्यांना मी आवडत नव्हतो आणि मला ते. माझं नाव दत्ता असताना हजेरी सोडून ते मला कायम पिठ्या म्हणायचे. माझ्या केसांत पीठ असायचं हे खरं; पण त्यांच्या घरची ज्वारी मीच दळून द्यायचो हेही खरं होतं. त्या दिवशी त्यांनी ऊर्जेचा धडा काढला. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही. ती एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात जाते. घड्याळाच्या किल्ली दिलेल्या स्प्रिंगमधे साठा, डोंगरावरच्या धोंड्यात साठा, भाकरीत साठा. मग म्हणाले, "उदाहरणार्थ, पिठ्याच्या बापाची गिरणी." वर्ग हसला. त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढला. डावीकडून एक जाड बाण आत घातला, त्यावर लिहिलं, डिझेल, रासायनिक साठा. उजवीकडं एक बारीक बाण बाहेर काढला, फिरणारं चाक, गतिज ऊर्जा. त्याहून बारीक, आवाज. आणि मग खडू आडवा धरून खाली एक एवढा जाडजूड बाण ओढला की खडू मोडला. त्यावर लिहिलं, उष्णता, वाया. म्हणाले, "दिवसभर इंजिन बोंबलतं, आणि निम्म्याहून जास्त डिझेल जातं ते पाणी तापवायला. हे लोक दळत नाहीत, आंघोळीचं पाणी तापवतात." वर्ग पुन्हा हसला. मी हसलो नाही. मी त्या जाड बाणाकडं बघत होतो. तो आमच्या हौदात पडत होता, आणि रोज सकाळी मी तो तांब्यानं अंगावर घेत होतो.

चाचणीत प्रश्न आला, इंजिनाची कार्यक्षमता वाढवण्यासाठी काय करावे. मी लिहिलं, उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा कमी करावी. सरांनी लाल शाईनं बरोबरची खूण केली आणि दोनपैकी दोन गुण दिले. त्या विषयात आयुष्यात मला पूर्ण गुण मिळाले ते तेवढेच. पुढं मी तीस पस्तीस वर्षं वीज खात्यात नोकरी केली, खांबावर चढलो, ट्रान्सफॉर्मर बदलले, पण ऊर्जेविषयी एवढी खात्री मला पुन्हा कधी वाटली नाही. माझा हिशेब साधा होता. ऊर्जा नष्ट होत नाही. पाण्यावाटे बाहेर पडते. पाणीच जाऊ दिलं नाही तर तिला बाहेर पडायला वाट राहणार नाही, मग ती झक मारत चाकाकडं जाईल. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "इंजनाला पाणी लागतं. तुला लागतं तसं. तोटीला हात लावायचा न्हाय." मला वाटलं, अण्णा चौथी शिकलेले, त्यांना बाण कुठं माहीत.

तरी मी एकदम उडी मारली नाही, एवढा शास्त्रज्ञ होतो. आमच्या पुढच्या आठवड्यात मी तोटी अर्धीच बंद केली. इंजिन मजेत चाललं. आवाज उलट गोड झाला. पाणी आणखी कढत पडलं, पण निम्मंच, म्हणजे बादल्याही निम्म्या. शनिवारी तात्यांनी काडी बुडवली तर टोकाला नखाएवढी ओल. तात्यांनी ती दोनदा हुंगली. अण्णा स्वतःच चकित. मी कुडाला टेकून उभा होतो. अर्ध्या तोटीला नखभर, तर पूर्ण तोटीला किती, हे काढायला मला वही लागली नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळे आपापल्या शेतात, कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, पांडवांची पूजा मांडायची, बाजरीचे उकडलेले उंडे, मिश्र भाज्यांची भज्जी, खीर, गाडग्यात ताकातली आंबील. आंबिलीला ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी भिजत घालावं लागतं, उंड्यांना बाजरीचं पीठ लागतं, म्हणजे आदला दिवस हा गिरणीचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. आठवडा आमचा होता. पहाटेपासून शेडच्या बाहेर डब्यांची ओळ, पार मारुतीच्या पारापर्यंत. डबा ओळीत ठेवला की माणूस जाऊ शकायचा, डबाच नंबर धरायचा. पण त्या दिवशी कुणी कुणावर विश्वास ठेवत नव्हतं, सगळे आपापल्या डब्याजवळ उभे राहून एकमेकांचे डबे पायानं मागं सारत होते. बिराजदार सरही पिशवी घेऊन आले होते. अण्णा जात्यावर, डोक्याला टॉवेल, भुवया पांढऱ्या. मी दाणे ओतायला. दहाच्या सुमाराला अण्णा पीठ चाळायला वाकले, आणि मी ओट्यामागं जाऊन तोटी गच्च बंद केली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मी आनंदानं दाणे ओतत होतो. मग रंग जळाल्यासारखा वास आला. एक म्हातारी म्हणाली, कुणाची तरी मिरची करपली. डबड्याचा आवाज जड झाला, टुक टुकचं टक्... टक्... झालं, जसा चढावर बैल दमतो. अण्णांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, हौदाकडं बघितलं. नळीतून पाणी पडत नव्हतं. ते ओट्याकडं धावले तेवढ्यात आतून लोखंडावर लोखंड घासल्याची एक किंकाळी आली आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. इंजिन थांबलं, पण त्या छातीएवढ्या चाकात जो साठा होता तो कुठं जाणार. पायाचा एक बोल्ट उखडला, पट्टा चाकावरून निसटला, सापासारखा हवेत उठला आणि डब्यांच्या ओळीवर आपटला. पहिले पंधरा डबे आडवे. बाजरी, ज्वारी, कुणाचे गहू, कुणाचा हरभरा, सगळं एकत्र. पिठाचा ढग खाली बसला. मग गाव बोलायला लागलं, आणि ते दुपारपर्यंत बोलत राहिलं.

तात्यांना शेतातून बोलावून आणलं. इस्माईल मिस्त्री नळदुर्गहून मोटारसायकलवर आले. त्यांनी झाकण उघडलं, आत बोट फिरवलं, बोट धोतराएवढ्या फडक्याला पुसलं आणि विचारलं, "पानी कौन बंद करा रे?" सगळं गाव गोल करून उभं होतं. मी पुढं झालो. माझ्या बाजूनं एवढं तरी लिहून ठेवतो, की मी लपलो नाही. म्हणालो, मी बंद केलं. का, तर डिझेल वाचवायला. आणि मग मला राहवलं नाही, मी साठा, बाण, वाया जाणारी उष्णता, सगळं सांगितलं. बोलता बोलता मी हातानं हवेत चौकोनही काढला. मिस्त्रींनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. गावातलं कुणीतरी म्हणालं, पोराला बाधा झाली असंल, पडक्या विहिरीवर जाऊन आलं असंल. तात्यांनी मात्र मला ऐकलंच नाही. ते माझ्या डोक्यावरून अण्णांकडं बघत होते.

"पोराला पढवून पुढं केलंस व्हय?" ते म्हणाले. "डिझेल इकलंस ते झाकायला इंजन जाळलंस. आता म्हणायचं, पोरानं केलं."

मी ओरडून सांगितलं की खरंच मी केलं, सरांनी शिकवलं म्हणून केलं, सर इथंच आहेत, त्यांना विचारा. सगळे सरांकडं वळले. सर पिशवी छातीशी धरून उभे होते. तात्यांनी विचारलं, "काय हो मास्तर, इंजनाचं पाणी बंद करायचं शिकवता काय तुम्ही?"

सर म्हणाले, "मी असलं काहीही शिकवलेलं नाही."

मी घरात पळत गेलो, चाचणीची वही आणली, पान उघडून तात्यांसमोर धरलं. लाल खूण, दोनपैकी दोन. तात्यांना वाचता येत होतं, बोट ठेवून. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. सरांनी वाकून वहीत बघितलं आणि शांतपणे विचारलं, "यात तोटी हा शब्द कुठं आहे?" गाव हसलं. डबे उपडे पडलेले असताना, उद्याचा सण बुडालेला असताना ते मोकळं हसलं. सरांचं बरोबर होतं. वाया जाणारी उष्णता कमी करा असं पुस्तकात आहे, ती आत कोंडा असं नाही. इंजिनाला अर्धवट ताप मानवतो, पूर्ण मानवत नाही, आणि हे मला पुढं खात्याच्या ट्रेनिंगमधे कळलं. तरीसुद्धा सांगतो, माझा त्या माणसावरचा राग अजून गेलेला नाही. ते एक वाक्य बोलू शकत होते. ‘बाण मीच काढला’, एवढंच. ते पिशवी घेऊन शेजारच्या गावाला दळायला गेले.

तात्यांनी हात पुढं केला. अण्णांनी कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. मी अण्णांच्या तोंडाकडं बघत होतो, की आता बोलतील, काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "पट्टा उचलून ठेवा. वल धरंल." आणि घरात गेले. मला त्यांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. आई माझं ताट पुढं सारून निघून गेली.

त्या दिवशी सगळ्या गावानं माळ्यावरची जाती खाली काढली. आमच्याकडं एकच होतं, ते आजीचं, आणि ते वाटणीत कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. अंगणात कुडाच्या बुडाशी पडलेलं. दळायचं दोन्ही घरांना. जड जातं, एकटीच्यानं फिरत नाही. आई जात्याच्या अलीकडून बसली, मोठीआई पलीकडून, खुंट्यावर एकीच्या हातावर दुसरीचा हात, आणि दोघी सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. बाया जात्यावर बसल्या की गाणं आपोआप सुरू होतं. त्या दोघींनी दोन पायल्या बाजरी दात आवळून दळली. पीठ भरड निघालं. दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक शेतात भरड उंडे होते, आणि प्रत्येक घासाबरोबर कचकन दाताखाली आमचं नाव येत होतं.

येळवसला शेजारच्या शेतातून हाका येतात, आमच्याकडं जेवायला या म्हणून. बोलावल्याशिवाय राहत नाहीत. परक्या वाटसरूलाही हात धरून आणतात. त्या वर्षी आमच्या बांधापर्यंत एक हाक आली नाही. आमच्या शेतात आम्ही दोन घरं एकाच कोपीपुढं, एकमेकांकडं पाठ करून बसलो होतो. पूजा झाली. मग आंबील शिंपायची. मडकं काखेत धरून सगळ्या शेताला फेरी मारायची आणि आंब्याच्या डहाळीनं पिकावर आंबील उडवत जायचं. आमच्यात ते धाकट्या भावाचं काम. अण्णांनी मडकं उजव्या काखेत दाबलं आणि डहाळी डाव्या हातात घेतली.

तात्या ताडकन उठले. "डाव्या हातानं? लक्ष्मीला डाव्या हातानं?" ते म्हणाले. "निम्मं शेत माझं हाय. पीक जाळायचं हाय व्हय माझं?"

अण्णा थांबले नाहीत. शाळू ज्वारीच्या उभ्या ताटांतून डाव्या हातानं आंबील उडवत ते निघाले आणि तात्या मागून चार चौघांत बोलू नये असलं बोलत राहिले. शेजारच्या शेतातली जेवणं थांबली. मी अण्णांच्या मागं गेलो. दूरच्या बांधावर, करडीच्या पट्ट्याशी ते टेकले तेव्हा मी विचारलं, उजवा हात का नाही. मडकं खाली ठेवून ते म्हणाले, "वर जात न्हाय. श्रावणात इंजन लावताना हँडलनं उलटा फटका मारला. तवापास्नं खांद्याच्या वर जात न्हाय."

मी विचारलं, मग इंजिन कसं सुरू करता.

"सकाळी एकदा. डाव्या हातानं, सगळं अंग टाकून. तू दुधाला गेल्यावर." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "एकदा लागलं की बंद करत न्हाय. बंद केलं तर परत लावायचं कुणी? मोकळं फिरत ठेवतो गिऱ्हाईक येईपर्यंत. डिझेल तिथं जातं."

मी त्या बांधावर बसलो. चार महिने इंजिन दिवसभर मोकळं फिरत होतं आणि मी त्याचा आवाज ऐकून छाती फुगवत होतो. मी म्हणालो, तात्यांना का नाही सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलं तर काय म्हणले असते? तुझ्यानं होत न्हाय, किल्ली दे. चोर म्हणलेलं परवडलं. चोराला पाळी तरी असती." आणि उठताना बजावलं, हे तोंडाबाहेर काढलंस तर माझ्याशी गाठ आहे.

माझं तोंड केवढं, ते तुम्ही बघितलंच आहे. संध्याकाळी बैलगाडीत मी मुद्दाम तात्यांच्या बाजूला बसलो आणि शिवार संपायच्या आत सगळं सांगून टाकलं. तात्या बैलांच्या शिंगांकडं बघत ऐकत होते. मधे एकदा कासरा ओढला, गाडी थांबली, आणि विनाकारण पुन्हा चालू केली. गाव आल्यावर फक्त एवढं म्हणाले, "तोंड शिवलं होतं काय त्याचं?" ते माझ्यावर चिडले की अण्णांवर की स्वतःवर, ते मला आजही ठरवता येत नाही. आजकाल माझी नात तोच धडा शिकते. तिच्या पुस्तकात बाण रंगीत आहेत. तिनं मला परवा विचारलं, आजोबा, माणसात कुठला साठा असतो. मी म्हणालो, पुस्तकात काय दिलंय ते लिही, दोन गुण मिळतील, आणि घरातल्या कुठल्याही तोटीला हात लावू नको.

इंजिन दुरुस्त व्हायला बारा दिवस लागले. मिस्त्रींनी नवा पिस्टन बसवला, पाया पुन्हा भरला. पुढचा आठवडा पाळीप्रमाणे आमचा होता, म्हणजे पाळी राहिली असती तर. सकाळी आई अंगण झाडायला बाहेर आली तर किल्ली आमच्या उंबऱ्यावर पडलेली. अण्णांनी ती उचलली आणि माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. माझी पाठ त्या दिवशी जी शेकून निघाली ती उशिरानं निघाली एवढंच. इंजिनाची आणि चहाडीची एकदम. मग ते शेडकडं गेले. मी मागं, रडत.

तात्या आधीच तिथं होते. मुंडासं काढून बाजूला ठेवलेलं, हँडल बसवलेलं. अण्णा दारात थांबले. तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. वरचा खटका दाबून धरला, हँडलला तीन फेरे दिले, चौथ्याला खटका सोडला आणि चाक धडधडून फिरायला लागलं. डबडं वाजलं. पाणी हौदात पडायला लागलं. तात्यांनी हँडल भिंतीला टेकवलं, मुंडासं उचललं आणि दारात आले. दोघा भावांत दोन हातांचं अंतर होतं आणि आत बघायला मी मधे घुसलो होतो.

"तुझ्या बापाला सांग," तात्या मला म्हणाले, "बंद करत जा म्हणावं मधे. लावायचं असंल तवा हाक मारायची. शेतात असलो तरी येईन."

अण्णा मला म्हणाले, "त्यांना सांग, मला हाक मारायची गरज पडणार न्हाय. म्या बंद करणारच न्हाय."

दोघंही माझ्याकडं बघत वाट बघत राहिले. मी नाक पुसलं, आधी अण्णांकडं तोंड केलं आणि तात्यांचं वाक्य सांगितलं. मग तात्यांकडं तोंड केलं आणि अण्णांचं सांगितलं.